गर्दीचं बिल

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. कोकणातून घाट चढून वर आलात किंवा जुन्नरकडून गाडीने गेलात, तो दिसतोच आणि त्याच्यासोबत फोटोही निघतो. त्याची गोष्ट गावातला कुणीही सांगेल: सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल बैलांवर लादून वर आणणारे व्यापारी या रांजणात जकातीची नाणी टाकत. शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे, रांजणाचं नाव नाही. म्हणजे रांजणाची गोष्ट ही लोकांनी सांभाळलेली गोष्ट आहे. पण लोकांनी ती का सांभाळली हे समजायला अवघड नाही. अरुंद वाट, दुसरा रस्ता नाही आणि तोंडावर बसलेला वसुलीवाला हे चित्र महाराष्ट्राला इतकं ओळखीचं आहे, की दोन हजार वर्षांपूर्वीचा रांजण बघूनही आपल्याला टोलनाकाच आठवतो.

रस्त्यावर पैसे घ्यायची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे तिजोरी भरायची किंवा रस्त्याचा खर्च वसूल करायचा. दुसरं कारण जरा तिरपं आहे: पैसे अशासाठी घ्यायचे, की काही लोकांनी त्या वेळी त्या रस्त्यावर यायचंच टाळावं. लंडन, सिंगापूर, स्टॉकहोम आणि आता न्यूयॉर्क या शहरांत हे दुसऱ्या प्रकारचे पैसे घेतले जातात. मराठीत त्याला नीट रुळलेला शब्द नाही. आपण ‘गर्दी शुल्क’ म्हणू. शब्द रुळला नाही याचं कारण आपल्याकडे ती गोष्टच कधी रुजली नाही, आणि ती का रुजली नाही याचा माग काढत गेलं की जकात, उड्डाणपूल, कोल्हापूरचं आंदोलन आणि एसटीचं तिकीट अशा चार वेगळ्या गोष्टी एकाच धाग्यात येतात.

किंमत वापरून वागणं बदलायची कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचा सुभेदार नरहरी आनंदराव याला मिठाबद्दल एक पत्र पाठवलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून येणारं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे व्यापारी तिकडे वळत होते आणि संगमेश्वरकडचं आपलं मीठ मागे पडत होतं. पत्रातला हुकूम असा, की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, इतकी की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडलं पाहिजे. या जकातीचं यश किती पैसे जमले यावर मोजायचं नव्हतं. सगळे व्यापारी संगमेश्वरला वळले आणि त्या नाक्यावर एक रुपयाही जमला नाही, तर हुकूम पूर्ण यशस्वी झाला असता. गर्दी शुल्काचं तर्कशास्त्र नेमकं हेच आहे. फक्त मिठाच्या जागी मोटारी ठेवायच्या.

पुढच्या अडीचशे-तीनशे वर्षांत हा धागा हरवला. इंग्रजांनी १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता नेला आणि त्यावर टोल बसवला. तो सरळसरळ खर्चवसुलीचा होता. त्याच काळातली माहीमची गोष्ट जास्त बोलकी आहे. वांद्रे आणि माहीम यांच्यामध्ये खाडी होती, तिच्यावर रस्ता बांधायला सरकार पैसे काढत नव्हतं. शेवटी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. पैसे देताना त्यांनी घातलेली अट आजही सांगितली जाते: या रस्त्यावर कधी टोल घ्यायचा नाही. रस्ता म्हणजे दान, पाणपोईसारखं. तिथे बसून पैसे मागणं हे जरा खालच्या दर्जाचं काम. ही भावना आपल्यात अजूनही आहे, आणि ती वाईट भावना आहे असं मला वाटत नाही. अडचण एवढीच, की पाणपोईवर रांग लागली तर मागचा तहानलेला राहतो, आणि त्याला कुणी मोजत नाही.

मग आली शहरांची जकात. तिशीच्या पुढच्या कुणालाही जकात नाका म्हटलं की शहराच्या वेशीवर उभी ट्रकची रांग, हातात पावतीपुस्तक घेतलेला कारकून आणि आडवा बांबू आठवेल. आज नाके नाहीत, पण अनेक शहरांत त्या नावाचे बसस्टॉप आहेत. जकात मालावर होती, गाडीवर नव्हती. शहरात येणाऱ्या वस्तूची किंमत बघून ती आकारली जायची आणि त्यावर महापालिकांचा संसार चालायचा. मुंबईची जकात शेवटपर्यंत टिकली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. ती गेल्यावर कुणी रडलं नाही. पण जकातीने एक संस्कार मागे ठेवला: नाका म्हणजे थांबणं. म्हणजे नाका स्वतःच कोंडी तयार करतो. ‘कोंडी कमी करण्यासाठी नाका’ हे वाक्य त्यामुळे मराठी कानाला विनोदी वाटतं.

आता मुंबईचे पाच नाके. राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झालं. युतीचं सरकार होतं, नितीन गडकरी बांधकाममंत्री होते आणि मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्या पुलांचा खर्च काढायला शहराच्या वेशीवर टोल बसवायचं ठरलं आणि २००२ पासून तो सुरू झाला: दहिसर, मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्ग, मुलुंडलाच पूर्व द्रुतगती मार्ग, ऐरोली आणि वाशी. नकाशा डोळ्यासमोर आणा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि आत शिरायला मोजके रस्ते, त्या प्रत्येकावर एक नाका. वाहतूक अभियंत्याला कागदावर असं शहर काढायला सांगितलं तरी इतकं सोयीचं येणार नाही. लंडनला आपल्या मध्यवर्ती भागाभोवती शेकडो कॅमेरे लावून जी कल्पनेतली भिंत उभी करावी लागली, ती मुंबईला निसर्गाने दिली होती आणि महामंडळाने तिला दारंही बसवली होती. तेही लंडनच्या आधी.

पण दारं वेगळ्या कामासाठी होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे कुठलीही प्रणाली समजून घ्यायची तर पहिला प्रश्न विचारतात: ही कशाची संख्या वाढवायला बनवली आहे? मुंबईच्या टोलचं उत्तर होतं, वसुली. २०१० मध्ये पाचही नाक्यांचा ठेका सोळा वर्षांसाठी एकरकमी पैसे घेऊन दिला गेला. ठेकेदाराने आधी पैसे मोजले, आता जितक्या जास्त गाड्या जातील तितका त्याचा फायदा. सकाळी नऊला वाशीच्या पुलावर गाड्या कमी व्हाव्यात असं वाटणारा या व्यवहारात एकही पक्ष नव्हता. दर पहाटे तीनला तोच आणि सकाळी नऊलाही तोच. गाडीत एक माणूस असो की पाच, तेवढेच पैसे. आणि जो मुंबईच्या आतच राहतो, आतच गाडी फिरवतो, त्याला नाका लागतच नाही. अंधेरीहून वांद्र्याला रोज एकटा कारने जाणारा फुकट, आणि कळव्याहून मुलुंडला जाणारा पैसे भरणार. शहराच्या गर्दीचं यापेक्षा चुकीचं बिल काढणं कठीण आहे.

कोल्हापुरात तर हे बिल घराच्या दारात आलं. शहरांतर्गत रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घ्यायचे आणि शहराच्या तोंडांवर टोल लावून पैसे वसूल करायचे, असा सुमारे २२० कोटींचा प्रकल्प होता. लोक चिडले. रस्ते अर्धवट आहेत, हिशोब दाखवा, आमच्याच गावात शिरायला आम्ही पैसे का द्यायचे, असे त्यांचे प्रश्न होते. आंदोलनाच्या पुढे एन. डी. पाटील होते आणि गोविंद पानसरे होते. पानसरे मूळ आमच्या जिल्ह्यातले, कोल्हारचे. नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेकाठी हे गाव आहे, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या फार थोड्या लोकांना हे माहीत असतं. जानेवारी २०१४ मध्ये कोल्हापुरात नाके जाळले गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांची हत्या झाली. टोल रद्द झाल्याची घोषणा त्या वर्षाच्या शेवटी झाली, ती ऐकायला ते नव्हते.

कोल्हापूरच्या आंदोलनाकडे मी ‘लोकांना फुकट हवं असतं’ या चष्म्यातून बघत नाही. त्यांची मागणी हिशोबाची होती. किती खर्च झाला, किती वसूल झाला, अजून किती वर्षं? या तीन प्रश्नांची उत्तरं महाराष्ट्रातल्या बहुतेक टोलनाक्यांवर सामान्य माणसाला कधीच सरळ मिळाली नाहीत. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे असोत, मनसेची आंदोलनं असोत, रागाचा गाभा तोच होता. पण या रागाचा एक दूरचा परिणाम झाला. टोल म्हणजे लूट हे समीकरण इतकं पक्कं झालं, की रस्त्यावर पैसे घेण्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे बोलायचीही सोय उरली नाही. जून २०१५ पासून राज्य सरकारने १२ टोलनाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला सूट दिली. एसटीला सूट मिळाली हे योग्यच झालं. कारला का मिळाली, तर कारवाला चिडला होता म्हणून.

इथे जरा नगर-पुणे रस्त्यावर येऊ, कारण आमच्या पिढीतले नगरचे निम्मे इंजिनिअर याच रस्त्याने खराडीला आणि हिंजवडीला गेले आहेत. सुमारे १२० किलोमीटरचं अंतर. रविवारी संध्याकाळी शिरूर सोडलं की रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली ही नावं तासांच्या हिशोबात मोजायची. या रस्त्याला एक मान आहे. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे आणि नगर यांच्या दरम्यानच धावली. लाकडी बॉडी, वर कापडी छप्पर, तीस आसनं आणि तिकीट अडीच रुपये. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. दरवर्षी एक जूनला ही नावं बातम्यांत येतात आणि माळीवाड्याच्या स्टँडवर हार घातले जातात.

त्या पहिल्या गाडीच्या वाटेवर आज उभी असलेली एसटी बघा. आत चाळीस-पन्नास माणसं. रस्त्यावर ती जागा अडवते जेमतेम तीन कारइतकी. तिच्या पुढेमागे ज्या शंभर कार आहेत, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत एक किंवा दोन माणसं. कोंडी कारने केली आहे, पण कोंडीत एसटीतला माणूसही तेवढाच वेळ बसून आहे, बहुतेक वेळा खिडकी उघडी ठेवून, समोरच्या डंपरचा धूर खात. कारवाल्याकडे निदान एसी आहे.

आता तिकिटाकडे बघा. १९५८ च्या कायद्याने या राज्यात प्रवासी कर आला. एसटीच्या भाड्यात तो वर्षानुवर्षं १७.५ टक्के राहिला आहे आणि इतर राज्यांच्या तुलनेत तो जास्त आहे अशी एसटीची जुनी तक्रार आहे. म्हणजे रस्ता सगळ्यात काटकसरीने वापरणारा माणूस प्रत्येक फेरीला, किलोमीटरच्या हिशोबात, कर भरतो. कारवाला काय भरतो? भरतो, नक्कीच भरतो: गाडी घेताना किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त एकरकमी रोड टॅक्स, आणि पेट्रोलमध्ये भरपूर कर. तो काही फुकट्या नाही. पण रोड टॅक्स एकदाच भरला की मग महिन्यातून एकदा देवदर्शनाला नेणारा आणि रोज गर्दीच्या वेळी एकटा नेणारा यांचं बिल तिथे सारखंच. एकदा भरला की तो अमर्याद डेटा पॅक. आपण ओला-उबरला पावसात दुप्पट भाडं देतो, सणाच्या आठवड्यात खासगी बसवाल्याला तिप्पट देतो, कारण गर्दीच्या वेळची जागा महाग असते हे आपल्याला मनातून पटलेलं असतं. फक्त रस्त्याच्या बाबतीत ती जागा फुकट आहे असं आपण धरून चालतो आणि तिची किंमत वेळेत आणि धुरात मोजतो. ती किंमत सगळे मिळून मोजतात, ज्याने गर्दी केली नाही तोही.

अर्थशास्त्रात हे सगळ्यात नेटकं मांडलं विल्यम विक्री यांनी. १९५० च्या दशकात त्यांनी आधी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी आणि मग वॉशिंग्टनच्या रस्त्यांसाठी गर्दीनुसार बदलणारे दर सुचवले. गाड्यांना इलेक्ट्रॉनिक खूण लावून त्या ओळखता येतील इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. आज आपल्या काचेवरचा फास्टॅग तेच काम करतो. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी ते गेले.

मनावर घेतलं सिंगापूरने, आणि तेही संगणकाशिवाय. २ जून १९७५ पासून शहराच्या मध्यभागी सकाळच्या गर्दीत कार न्यायची तर काचेवर कागदी परवाना चिकटवायचा, दिवसाचे तीन डॉलर. परवाना आधीच पोस्टात किंवा पेट्रोलपंपावर विकत घ्यायचा. हद्दीवर कमानी होत्या आणि कमानीपाशी पहारेकरी उभे असत, पण ते गाडी थांबवत नसत. नुसतं बघायचं, परवाना नसेल तर नंबर लिहून घ्यायचा, दंडाची नोटीस घरी. अडथळा नाही, पावती नाही, सुट्टे नाहीत. आपल्या जकात नाक्याच्या अगदी उलट रचना, आणि सगळी गंमत याच तपशिलात आहे. बसला पैसे नव्हते, चार माणसं बसलेल्या कारलाही नव्हते. मग लोक बसस्टॉपवरून अनोळखी माणसांना गाडीत घेऊ लागले, चारची संख्या भरायला! वेळ साडेनऊला संपायची, तर साडेनऊनंतर गाड्यांचा लोंढा यायला लागला, म्हणून वेळ सव्वादहापर्यंत वाढवली. पण गर्दीच्या वेळी आत शिरणाऱ्या गाड्या चाळीस टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. १९९८ मध्ये कागद गेले आणि इलेक्ट्रॉनिक कमानी आल्या.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला पाच पौंडांपासून सुरुवात केली. महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी जमलेला पैसा वाहतुकीवरच खर्च होईल असं बंधन पाळलं आणि आधीपासूनच बस वाढवल्या. तिथे पुढे कोंडी बरीचशी परत आली, हेही सांगायला हवं. रस्त्यांची कामं निघाली, टॅक्सी वाढल्या. स्टॉकहोमची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखी वाटते. तिथे लोकांचा कौल सुरुवातीला विरोधात होता. सरकारने जानेवारी ते जुलै २००६ असा सात महिन्यांचा प्रयोग केला आणि मग शुल्क बंद करून सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. हद्दीवरच्या गाड्या सुमारे वीस टक्क्यांनी कमी झालेल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. शहराने शुल्काच्या बाजूने मत दिलं. पुढे झालेल्या अभ्यासांत लहान मुलांचे दम्याचे तातडीचे झटके कमी झालेलेही दिसले. वीस टक्के गाड्या कमी म्हणजे कोंडी वीस टक्के कमी, असं नसतं. रस्ता भरत आला की शेवटच्या थोड्या गाड्याच सगळं अडवतात. शाळेला सुट्टी लागली की पुण्याचे रस्ते कसे अचानक श्वास घेतात ते आठवा, तेव्हा निम्मं शहर काही गावाला गेलेलं नसतं.

भारतात यातलं काहीच झालं नाही असं नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू गाड्यांवर पर्यावरण भरपाई शुल्क लावलं, हलक्या गाडीला ७०० आणि जडला १३०० रुपये, जे लवकरच दुप्पट केलं गेलं. उद्देश स्पष्ट होता: ज्यांना दिल्लीत काम नाही अशा ट्रकनी बाहेरून जावं. कल्पना खरोखर मिठाच्या जकातीच्या कुळातली होती. पण ती ट्रकला लागली. कारला हात लावायची हिंमत तिथेही झाली नाही.

पुण्याने २०१८ मध्ये निदान पार्किंगचे पैसे घेऊन बघू असं धोरण मंजूर केलं. ओरड झाली आणि ते आधी मोजक्या रस्त्यांपुरतं केलं गेलं, मग कागदावरच राहिलं. सार्वजनिक रस्त्यावर रात्रंदिवस कार उभी करणं हा आपल्याकडे जवळजवळ जन्मसिद्ध हक्क आहे. तीच जागा भाजीवाल्याने घेतली तर अतिक्रमण होतं.

आणि मग १४ ऑक्टोबर २०२४. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्याच मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. कारचे ४५ रुपये वाचले. पेढे वाटले गेले. बावीस वर्षं चाललेली वसुली, जिचा हिशोब कुणाला नीट कळला नाही, ती गेली याचा आनंद मला समजतो. पण तारखा शेजारी ठेवून बघा. बारा आठवड्यांनी, ५ जानेवारी २०२५ ला, न्यूयॉर्कने मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या खाली गर्दीच्या वेळी शिरणाऱ्या कारला नऊ डॉलर लावले. तेही सहज झालं नव्हतं: कायदा २०१९ चा, मग खटले, मग २०२४ मध्ये गव्हर्नरनीच ऐनवेळी घातलेला खोडा. पैसे भुयारी रेल्वे आणि बससाठी, हे कायद्यात लिहिलेलं. समुद्राने वेढलेल्या दोन महानगरांपैकी एकाने दारं बसवली आणि दुसऱ्याने आधीच बसवलेली दारं गर्दीचा शब्दही न काढता उघडी टाकली.

पर्याय नव्हता असं नाही. दर वेळेनुसार बदलता आला असता, रात्री शून्य आणि सकाळी जास्त. वसुली ठेकेदाराकडून काढून बेस्टच्या आणि एसटीच्या बसना देता आली असती. आडवे दांडे काढून फास्टॅग आणि कॅमेऱ्यांवर काम भागलं असतं. जकातीच्या आणि टोलच्या आठवणी इतक्या कडू होत्या, की हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. आणि एक विचित्र प्रकार शिल्लक राहिला. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर कारला एका फेरीचे २५० रुपये आहेत, आणि वाशीच्या जुन्या पुलावर आता शून्य. जो रस्ता मोकळा तो महाग, आणि जो आधीच तुंबलेला तो फुकट. सुभेदार नरहरी आनंदरावांनी हे वाचलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हुकूम उलटा वाचला गेला.

नगर जिल्ह्यात गर्दी शुल्काच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा शहरात नाही, अकोले तालुक्यात आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि वाहनामागे शुल्क घेतात. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकतात आणि ते बघायला शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्यांची रांग लागते. काजवा अंधारात जोडीदाराला खूण करण्यासाठी चमकतो. आपण त्याच्यावर हेडलाइट मारत, हॉर्न वाजवत, धूर सोडत त्याचा खासगी क्षण बघायला जातो. शुल्क भरलेलं असल्यामुळे आपलं मन स्वच्छ असतं. पण ते शुल्क इतकं किरकोळ आहे, की त्याने कुणी घरी थांबत नाही. अडीच हजार रुपयांचं पेट्रोल जाळून आलेला माणूस तेवढ्यासाठी परत फिरणार नाही. म्हणून शेवटी पोलीस आणि वनखातं एकेरी वाहतूक, वेळेची मर्यादा, रात्री प्रवेश बंद अशा जुन्या मार्गांवर येतात. काजव्यांच्या त्या दोन-तीन आठवड्यांसाठी शेंडीला गाड्या थांबवून पुढे बसने नेणं आणि कारचा दर शनिवारी दहापट करणं, हे मुंबईत करण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. जमणारे पैसे तिथल्याच आदिवासी गावांना देता येतील. मुंबईत जे मतदार चिडतील अशी भीती आहे, ते इथे नाहीतच, येणारे सगळे बाहेरचे.

नगर शहराला आज गर्दी शुल्काची गरज आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडचा जुना विषय अवजड वाहतुकीचा आहे. पुणे, संभाजीनगर, मनमाड, सोलापूर, कल्याण, सगळे रस्ते इथेच येऊन मिळतात. २०२२ मध्ये उड्डाणपूल झाला, त्याने वरची वाहतूक वेगळी केली, खाली रिक्षा आणि दुचाकी पूर्वीसारख्याच. शिवाय शुल्क लावायचं तर कार सोडून जायला दुसरं काहीतरी हवं. सिंगापूरने आणि लंडनने बस आधी वाढवल्या. बस नसलेल्या गावात गर्दी शुल्क लावणं म्हणजे नुसता दंड. या बाबतीत विरोधक बरोबर आहेत आणि त्यांचं ऐकलं पाहिजे.

पण पुणे-नगर रस्त्याला हा प्रश्न लवकरच पडणार आहे. पुणे ते शिरूर उन्नत मार्गाची योजना राज्य सरकारने पुढे नेली आहे. वर रस्ता आला की वर टोल येईल, खाली जुना रस्ता राहील. त्या कराराचा मसुदा जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात काही साध्या गोष्टी शोधायच्या आहेत. सोमवारी सकाळी आठचा आणि बुधवारी दुपारी दोनचा दर वेगळा आहे का? जमलेल्या पैशांचा हिशोब दर महिन्याला फोनवर बघता येईल का? आणि नगरहून सुटणारी एसटी वरून जाईल की खालून? तिचं तिकीट काढताना प्रवासी कराच्या शेजारी टोलचीही एक ओळ छापली जाईल का?